कामिकाझे : किती लागले, किती बुडवले

शब्द : ‘कामिकाझे’ म्हणजे देवाचा वारा. १२७४ आणि १२८१ मध्ये जपानवर चालून आलेल्या मंगोल आरमाराची दाणादाण उडवणाऱ्या वादळांचं हे नाव. दुसऱ्या महायुद्धात जपानच्या आत्मघाती विमानहल्ल्यांना तेच नाव मिळालं.

सुरुवात : ऑक्टोबर १९४४, फिलिपिन्समधलं लेयते आखात. जपानी नौदलाचे व्हाइस ॲडमिरल ताकिजिरो ओनिशी यांची योजना : ‘झीरो’ या जपानी लढाऊ विमानाला २५० किलोचा बॉम्ब, आणि वैमानिकासह विमान थेट जहाजावर. २५ ऑक्टोबरला ‘सेंट लो’ ही छोटी अमेरिकी विमानवाहू नौका बुडाली.

नेम : ढोबळ अंदाजानं सात विमानांत एक लागलं. सुमारे ३,८०० वैमानिक गेले.

बुडणं वेगळं, निकामी होणं वेगळं
• मोठी विमानवाहू नौका एकही बुडाली नाही.
• पण ११ मे १९४५ रोजी जपानच्या ओकिनावा बेटाजवळ ‘बंकर हिल’ या मोठ्या अमेरिकी विमानवाहू नौकेवर अर्ध्या मिनिटात दोन विमानं आदळली. डेकवर इंधन भरून उभी असलेली विमानं पेटली. जवळपास ३९० जण दगावले. नौका पुन्हा लढाईत उतरलीच नाही.
• अमेरिकी नौकांचे डेक लाकडी, ब्रिटिश नौकांचे चिलखती. त्यामुळे विमान आदळल्यावरही ब्रिटिश नौका काही तासांत पुन्हा कामाला लागत.
• येणारी विमानं रडारवर हेरण्यासाठी पहाऱ्यावर एकाकी उभ्या विनाशिकांनी फार मार खाल्ला.

गल्लत नको : ‘कायतेन’ हेही जपानी आत्मघाती शस्त्र, पण विमान नव्हे; तो माणसानं आत बसून चालवायचा टॉर्पेडो.