स्वतंत्र धंदा, आजारपण आणि मुलांचे दांत

मी वैद्य नाहीं, विमा कंपनीचा हस्तक नाहीं, अर्थशास्त्राचा पदवीधरही नाहीं. जुन्या अकरावीची मॅट्रिक झालों आणि सदतीस वर्षें शाळेंत मुलांना अंकगणित शिकविलें. आजच्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच कीं, याच अंकगणितांत मीं स्वतः एक मोठी चूक केली आणि तिची किंमत माझ्या मुलाच्या संसारानें भरली.

माझा मुलगा डोंबिवलीस राहतो. तो छायाचित्रकार आहे. लग्नें, मुंजी, बारशीं हा त्याचा धंदा. तुळशीचें लग्न लागलें कीं त्याला जेवावयास फुरसत नसते, आणि चातुर्मासांत फोन वाजत नाहीं. मला आयुष्यभर पहिल्या तारखेस पगार मिळाला व आतां निवृत्तिवेतन मिळतें. पैसा महिन्याच्या हिशेबानें येतो, अशीच माझी समजूत. मुलाकडे तो मुहूर्ताच्या हिशेबानें येतो. देशांतील काम करणाऱ्या दर १०० माणसांपैकीं ५८ जण स्वतःच्या वा घरच्या धंद्यांत असल्याचें २०२३-२४ च्या सरकारी पाहणींत आढळलें. म्हणजे अपवाद तो नव्हे, मीच.

नोकरदाराच्या आजारपणांत दुसरा कोणी तरी वांटेकरी असतो. १९४८ सालीं कामगार राज्य विमा कायदा झाला व त्याखालील योजना २४ फेब्रुवारी १९५२ रोजीं कानपूर व दिल्ली येथें सुरू झाली. तींत २०१९ पासून कामगाराच्या वेतनाचा पाऊण टक्का त्याच्याकडून, तर सव्वातीन टक्के मालकाकडून घेतात. स्वतंत्र धंदेवाल्याला मालक कोठला? तो दोन्ही हिस्से आपल्याच खिशांतून भरतो. आणि अंथरुणाला खिळला तर त्या दिवसांची कमाईही बुडते.

मुलानें २०२१ च्या ऑगस्टांत पतिपत्नी व दोन मुलें मिळून पांच लाखांचा आरोग्य विमा उतरविला. ऑगस्ट म्हणजे बहुधा श्रावण. तारखेचा विचार कोणी केला नाहीं, आणि दर वर्षीं हप्ता नेमका रिकाम्या खिशावर येऊं लागला. २०२४ सालीं हप्त्याचे २१,००० व त्यावर त्या वेळच्या १८ टक्के कराचे ३,७८०, असे २४,७८० रुपये भरावयाचे होते. त्याच महिन्यांत नातीच्या दांतांना तारा बसवावयाच्या होत्या. पोर बारा वर्षांची. पुढचे दांत एकमेकांवर चढलेले. वर्गांतल्या चिडवण्यामुळें ती तोंडावर हात धरून हंसे. डॉक्टरांनीं एकंदर ४५,००० रुपये सांगितले, पैकीं २०,००० आरंभीं.

मुलानें विचारलें, “नाना, दोन्हीं जमणार नाहीं. काय करूं?”

मीं म्हटलें, “तीन वर्षें विमा भरलास, एक पैसा परत आला नाहीं. घरांत कोणी आजारी नाहीं. यंदा पोरीचे दांत कर.”

हप्ता उशिरा भरण्यास मिळणारे तीस दिवसही गेले आणि विमा संपला. डिसेंबरांत एका रात्रीं सुनेच्या पोटांत कळ उठली. पित्ताशयांत खडे निघाले. शस्त्रक्रियेसह रुग्णालयाचें बिल ९२,००० रुपये झालें. मुलानें आपला चांगला कॅमेरा विकला आणि भर लग्नसराईंत दुसऱ्याचा कॅमेरा भाड्यानें घेऊन कामें केलीं. त्या दिवसांत तो मला एका शब्दानें बोलला नाहीं.

पण ते ९२,००० रुपये ही माझ्या चुकीची लहान बाजू होय. मोठी बाजू मला पुढें कळली. नव्या विम्यांत पहिले तीस दिवस, अपघात वगळतां, कोणत्याही आजाराचे पैसे मिळत नाहींत. खडे, हर्निया, मोतीबिंदु अशा कांहीं ठराविक दुखण्यांसाठीं बहुधा दोन वर्षें थांबावें लागतें. आणि विमा उतरण्यापूर्वींच जडलेल्या रोगासाठीं कंपनी अधिकांत अधिक ३६ महिने थांबावयास लावूं शकते. १ एप्रिल २०२४ पूर्वीं ही मर्यादा ४८ महिन्यांची होती. सुनेचा विमा अखंड तीन वर्षें चालला होता, म्हणजे खड्यांची मुदत केव्हांच उलटली होती. मुलाला २०२३ सालीं मधुमेह निघाला. तो विमा उतरल्यानंतरचा, म्हणून जुन्या करारांत त्याला अडथळा नव्हता. जानेवारी २०२५ मध्यें नवा विमा घेतला तेव्हां तोच मधुमेह ‘पूर्वींचा रोग’ ठरला आणि जानेवारी २०२८ पर्यंत त्यापासून उद्भवणाऱ्या दुखण्यास संरक्षण उरलें नाहीं. अर्जांत मधुमेह लपवावा असा सल्ला देणारे शेजारी भेटले. पण लपविलेला रोग पैसे मागण्याच्या वेळीं उघडा पडतो व सारीच मागणी फेटाळली जाते.

म्हणजे तीन वर्षांत एक पैसा परत आला नाहीं हें माझें गणितच खोटें होतें. तीन वर्षांच्या हप्त्यांनीं मुदती सरत होत्या. तीच त्या पैशांची कमाई होती, आणि ती मीं एका वाक्यानें पुसून टाकली.

आतां दांतांकडे वळूं. पुष्कळांना वाटतें कीं आरोग्य विमा आहे तर तारांचे पैसेही मिळावेत. सामान्य विम्यांत ते मिळत नाहींत. अपघातानें दांत वा जबडा दुखावून रुग्णालयांत राहावें लागलें तर गोष्ट निराळी. यांत कंपनीची लबाडी नाहीं. विमा हा अनिश्चिताचा असतो. शंभर घरांतून कोणत्या घरीं खडे निघतील हें ठाऊक नसतें, म्हणून शंभरांनीं थोडें थोडें घालून एकाचा भार उचलावयाचा. दांत वाकडे येत आहेत हें तर आईला आरशाशिवाय दिसतें. ज्याला गरज तोच विमा घेईल, मग हप्ता आणि खर्च यांत अंतर तें काय राहणार?

तारांनीं दांत सरकतो तो कसा, हें समजलें कीं खर्चाची रीतही समजते. दांत हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या मुळाभोंवतीं तंतूंचें पातळ अस्तर असतें. तारेचा हलका दाब पडला कीं ज्या बाजूस दांत दाबला जातो तिकडचें हाड विरघळतें आणि मागल्या बाजूस नवें हाड भरतें. हें काम शरीर आपल्या गतीनें करतें. दाब वाढविला म्हणून तें लवकर होत नाहीं. म्हणून साधारण दीड ते दोन वर्षें लागतात, अधूनमधून तार बदलावी वा आवळावी लागते, आणि तारा काढल्यावरही दांत मागें फिरूं नयेत म्हणून दुसरें एक साधन वापरावें लागतें. त्या साधनाचे पैसे सांगितलेल्या रकमेंत आहेत कीं नाहींत, हें आधींच विचारावें. आम्हीं विचारलें नव्हतें.

डॉक्टरांना विचारण्याचा दुसरा प्रश्न असा: एक वर्ष थांबलों तर काय बिघडेल? जबड्याची वाढच आडवळणानें होत असेल, तर वाढीचें वय निसटूं देऊं नये. पण नुसती दांतांची दाटी असेल तर कांहीं महिन्यांच्या विलंबानें सहसा नुकसान होत नाहीं. नातीचें दुखणें या दुसऱ्या प्रकारचें होतें. तारा तुळशीच्या लग्नानंतर बसल्या असत्या तरी चाललें असतें. विम्याची तारीख मात्र टळण्यासारखी नव्हती. पोरीचें दुःख खोटें होतें असें मी म्हणत नाहीं. तें चार महिने सोसण्याजोगें होतें, एवढेंच.

आतां मुलानें व्यवस्था बदलली आहे. नव्या विम्याचा हप्ता जानेवारींत, म्हणजे हातांत पैसा असतांना येतो. मासिक वा तिमाही हप्तेही अनेक कंपन्या घेतात, पण मुहूर्तावर जगणाऱ्यास एकरकमी बरें. प्रत्येक कामाच्या मिळकतींतून दहावा भाग तो त्याच रात्रीं वेगळ्या खात्यांत टाकतो. तींतून विमा व दांत दोन्हीं भागतात. व्यक्तीच्या व कुटुंबाच्या आरोग्य विम्यावरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून उठला, तेवढा भार हलका झाला. मोठ्या रकमेसाठीं त्यानें दुसरा, वरच्या थराचा विमा घेतला आहे. वर्षाचा खर्च ठराविक रकमेच्या पलीकडे गेला तरच तो लागू होतो, म्हणून त्याचा हप्ता थोडका असतो. कंपन्या त्यास सुपर टॉप-अप म्हणतात.

सरकारी योजनांचाही शोध आम्हीं उशिराच घेतला. महाराष्ट्रांत २०१२ सालीं सुरू झालेल्या जीवनदायी योजनेस २०१७ सालीं महात्मा ज्योतिराव फुले यांचें नांव मिळालें. २०२३ सालीं राज्यानें ती सर्व शिधापत्रिकाधारकांना खुली करण्याचें व कुटुंबास वर्षाला पांच लाखांपर्यंत संरक्षण देण्याचें ठरविलें. मात्र ती योजनेंत सामील असलेल्या रुग्णालयांत व ठराविक उपचारांनाच लागू पडते. सुनेला ज्या रुग्णालयांत नेलें तें सामील नव्हतें. मध्यरात्रीं कोण चौकशी करतो? अशा रुग्णालयांचीं नांवें शिधापत्रिकेसोबत आधींच लिहून ठेवलेलीं असावींत. आमच्या कपाटाच्या दारावर तो कागद आतां चिकटविलेला आहे. सत्तर वर्षें पुरीं झालेल्या सर्वांना, मिळकत कितीही असो, २०२४ च्या ऑक्टोबरअखेरपासून आयुष्मान भारत योजनेखालीं पांच लाखांचें संरक्षण आहे. मला त्यास अजून तीन वर्षें अवकाश आहे.

आतां नातवाची पाळी आली आहे. तो अकरा वर्षांचा आहे व त्याचेही दांत बहिणीच्या वळणावर गेले आहेत. मुंबईंत बोरीबंदरानजीक सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या आवारांत सरकारी दंत महाविद्यालय आहे, आणि मुंबई सेंट्रलजवळ नायर रुग्णालयाचें दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणीं पदवीनंतर याच शाखेचा तीन वर्षांचा अभ्यास करणारे तरुण डॉक्टर अध्यापकांच्या नजरेखालीं तारा बसवितात, आणि खर्च खासगी दवाखान्याच्या मानानें पुष्कळच कमी येतो. अडचण वेळेची. काम दिवसाचें, फेऱ्या अनेक. मधेंच त्या डॉक्टरांचा अभ्यासक्रम संपला तर रुग्ण दुसऱ्याकडे सोंपविला जातो. डोंबिवलीहून जाऊन येण्यांत मुलाचा सबंध दिवस मोडतो, आणि मोसमांतला एक दिवस म्हणजे एक लग्न.

माझा दिवस मात्र कोणी विकत घेत नाहीं. म्हणून नातवाला घेऊन मी जातों. दादरपर्यंत त्याला उभेंच राहावें लागतें, मला कोणी तरी जागा देतो. रांगेंत बसल्या बसल्या मी त्याला शेकडेवारीचीं गणितें घालतों. मागल्या खेपेस त्यालाच विचारलें, एकवीस हजारांवर अठरा टक्के किती? त्यानें उत्तर बरोबर दिलें, पण हें गणित मी पुन्हां पुन्हां कां घालतों, हें अजून त्याला सांगितलेलें नाहीं. येत्या मंगळवारीं त्याची पहिली तार बसणार आहे.