अन्नाची निवड : वेष्टनावरील मजकुराचे वाचन

प्रस्तावना

वाचन म्हटले की कथा, कविता, लेख आपल्या डोळ्यांसमोर येतात. दुकानातून आणलेल्या पाकिटावरील बारीक अक्षरांतील मजकूर मात्र आपण सहसा वाचत नाही. वास्तविक, घरातील लहान मुलांच्या आणि रक्तदाब वा मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांच्या आरोग्याशी त्याचा थेट संबंध असतो. तो कसा वाचावा, हे येथे पाहू.

१. सुरक्षित आणि पोषक

अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ अन्वये अन्नव्यावसायिकाला परवाना किंवा नोंदणी आवश्यक असते. पाकिटावरील १४ अंकी क्रमांक त्याचाच होय. व्यावसायिक शासकीय देखरेखीखाली आहे, एवढेच त्यावरून समजते. पदार्थ रोज खाण्याजोगा आहे की नाही, हा प्रश्न वेगळा असून त्याचे उत्तर आपल्यालाच शोधावे लागते.

२. घटकसूची

घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर आरंभीच आढळली, तर तिचे प्रमाण मोठे आहे असे समजावे. साखर, ग्लुकोज सिरप, फ्रुक्टोज अशी विभागणी असल्यास प्रत्येक नाव सूचीत खाली जाते. त्यामुळे त्यांचा एकत्रित विचार करावा.

३. पोषणतक्ता

समजा, १०० ग्रॅम शेवेच्या पाकिटावर '२० ग्रॅमच्या एका वाढपात १६० मिलिग्रॅम सोडियम' असे लिहिले आहे. आकडा लहान वाटतो. परंतु संपूर्ण पाकीट संपवल्यास ८०० मिलिग्रॅम सोडियम पोटात जाते. सोडियमला अडीचने गुणले असता मिठाचे प्रमाण मिळते. म्हणजेच हे मीठ सुमारे २ ग्रॅम झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ व्यक्तीने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. भाजी, आमटी, लोणचे यांतील मीठ अद्याप मोजायचेच आहे!

४. दिनांक आणि साठवण

'बेस्ट बिफोर' हा दिनांक पदार्थाच्या गुणवत्तेविषयी असतो. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' दिनांकानंतर मात्र पदार्थ खाऊ नये. हे दिनांक न उघडलेल्या आणि सूचनेप्रमाणे साठवलेल्या पाकिटालाच लागू पडतात. पाकीट उघडल्यानंतरची जबाबदारी आपली असते.

घरी शिजवलेल्या अन्नावर तर दिनांकच नसतो. उदाहरणार्थ, भात शिजल्यावरही काही जिवाणूंचे बीजाणू टिकून राहतात. भात उबदार हवेत तासन्‌तास राहिल्यास जिवाणू वाढून विष निर्माण करू शकतात आणि फोडणी दिल्याने ते विष नष्ट होईलच असे नाही. म्हणून फोडणीच्या भातासाठी राखलेला भात दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावा.

समारोप

वेष्टनावरील माहिती इंग्रजीत किंवा हिंदीत देणे बंधनकारक आहे; मराठी ऐच्छिक आहे. त्यामुळे केवळ मराठी वाचणाऱ्या अनेकांपर्यंत ती पोहोचत नाही. आपण वाचलेले घरातील मंडळींना सोप्या मराठीत समजावून सांगणे, हाही भाषेच्या अभ्यासाचा एक उपयोग आहे.

स्वयं-अध्ययनासाठी कृती

घरातील कोणत्याही एका पाकिटावरील घटकसूची व पोषणतक्ता वाचा. संपूर्ण पाकिटातील मिठाचे प्रमाण काढा आणि तो पदार्थ कोणी, किती खावा, याविषयी दहा ओळींत सकारण मत लिहा.