छिद्राचे गणित

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेच्या पायऱ्यांना कठडा बसवावयाचा होता. सरकारी शाळेत अशा किरकोळ कामांना माणूस मिळेपर्यंत पावसाळा उजाडतो, म्हणून घरचे विजेचे ड्रिल घेऊन मीच उभा राहिलो. स्टेनलेस स्टीलची ५ मिलिमीटर जाडीची पट्टी आणि १० मिलिमीटरचे बिट. बटण पूर्ण दाबले, जोर लावला. कर्कश आवाज उठला, धूर निघाला आणि बिटाचे टोक निळेकाळे पडले. दुसरे बिट लावले, तेही त्याच जागी नुसते घसरू लागले.

शेवटी पट्टी घेऊन बेळगावच्या उद्यमबागेत गेलो. तेथे माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचे लहानसे वर्कशॉप आहे. दहावीला त्याच्या गणिताची आम्हां साऱ्या शिक्षकांना काळजी असे. जळके बिट पाहून तो म्हणाला, "सर, फेरे मोजायचे नसतात, बिटाची कड मिनिटाला किती मीटर धावते, ते पाहायचं."

आणि त्याने खडूने ड्रिलच्या बैठकीवरच हिशेब मांडला. ३ मिलिमीटरचे बिट एका फेऱ्यात सुमारे साडेनऊ मिलिमीटर धावते; १२ चे त्याच्या चौपट. म्हणून बिट जाड झाले की फेरे त्या प्रमाणात कमी करावयाचे. साध्या मऊ पोलादात हायस्पीड बिटाच्या कडेचा वेग मिनिटाला २५ मीटरच्या आसपास ठेवतात. यावरून त्याची युक्ती अशी : ८००० ला बिटाच्या व्यासाने भागावे. ६ च्या बिटाला सुमारे १३०० फेरे, १२ च्या बिटाला ६५०. बीड थोडे हळू; पितळ व ॲल्युमिनियम दुप्पट वेगानेही खुशाल चालते. स्टेनलेसला मात्र निम्माच वेग, म्हणजे माझ्या बिटाला ४०० फेरे. माझे ड्रिल २६०० च्या पुढे फिरत होते! शाळेत परिघाचे सूत्र ज्याला पाठ होत नसे, तो मला ते समजावीत होता, आणि मला ते प्रथमच समजत होते.

हे बिटही गमतीचे आहे. पिळाचे बिट अमेरिकेत स्टीफन मोर्स यांनी १८६३ साली पेटंट केले. जुन्या कार्बन पोलादाची धार थोड्या उष्णतेनेच मऊ पडे; टेलर आणि व्हाइट यांचे हायस्पीड पोलाद १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात लोकांनी पाहिले, तेव्हा धार जवळजवळ लाल होईतो टिकते हे कळले. पण त्यालाही मर्यादा आहेच. शिवाय स्टेनलेस घासले गेले की त्या जागी अधिक कठीण होते. माझे दुसरे बिट घसरले ते त्यामुळे. तेथे वेग हळू, दाब मात्र सतत हवा आणि तेल हवे. बीड कोरडेच कापतात.

लाकडाचे निराळे. बारीक बिट वेगाने चालवावे, पण चपट्या रुंद पात्याचे बिट सावकाश, नाहीतर लाकूड करपते. भिंतीच्या विटेसाठी कार्बाइडचे टोक असलेले बिट वेगळेच. फरशीला ठोका बंद, वेग अगदी कमी आणि थोडे पाणी. हल्ली घरगुती ड्रिलच्या बटणावर बोटाचा दाब हलका ठेवला की फेरे कमी होतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

वर्कशॉपमध्ये एक पोरगेला कामगार उजव्या हाताला पट्टी बांधून बसला होता. पत्रा शिकंज्यात न धरता त्याने हाताने दाबून धरला होता. बिट आरपार निघताना पत्र्यात अडकले आणि पत्राच गरगर फिरला. दोन बोटे थोडक्यात वाचली. "वेग बरोबर होता, सर," माझा विद्यार्थी म्हणाला, "पण आरपार निघताना दाब सोडायचा असतो. हे मी त्याला सांगितलं नव्हतं." तो खाली पाहत राहिला.

मग त्याने पट्टा मोठ्या पुलीवर चढविला, पट्टी उलटी करून शिकंज्यात घट्ट आवळली आणि माझे बिघडलेले भोक मागच्या बाजूने सावकाश पाडले. लांब, पिळदार कीस निघत होता, धूर नव्हता. शाळा उघडण्यापूर्वी कठडा बसला.