समुद्र वाऱ्याने नाही, कॅनमधून येतो

मे महिन्यात कार्ले खिंडीत जुनी गाडी बॉनेट उघडून उभी दिसणं हे अलिबागच्या वाटेवरचं नेहमीचं दृश्य. वडखळपासून रांगेत सरकत आलेली, मग चढ लागलेला, आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्यात. रेडिएटरमधून उसळणारं पाणी काव कालवल्यासारखं तांबडं असतं. बघायला थांबलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, "समुद्राकाठची गाडी ना दादा, खाऱ्या हवेने आतून सडणारच."

हा समज सगळ्यात आधी खोडायला हवा, कारण हवेला दोष दिला की पुढे काही करायचं उरत नाही. खारी हवा गाडी खाते हे खरंच आहे. मडगार्ड, दरवाजांच्या खालच्या कडा, सायलेन्सर, रेडिएटरच्या बाहेरच्या पातळ पट्ट्या, सगळ्यांवर तिचा हात फिरतो. पण इंजिनाच्या ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा बंदिस्त असतात. तिथे समुद्र पोचतो तो आपण ओततो त्या पाण्यातून.

"आमच्या विहिरीचं पाणी गोडं आहे," असं नागाव-चौल-रेवदंड्याकडे अभिमानाने सांगतात, आणि पावसाळ्यानंतरचे काही महिने ते चवीला खरंही असतं. उन्हाळ्यात उपसा वाढतो, गोड्या पाण्याची पातळी खाली जाते आणि समुद्राचं पाणी जमिनीखालून आत सरकतं. मग विहीर मचूळ होते. खारेपाटातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. मात्र जिभेला मचूळ लागण्याच्या कितीतरी आधीच ते पाणी इंजिनाला वाईट झालेलं असतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे. इंजिनात घालायच्या पाण्यासाठी कॅटरपिलरसारखी कंपनी ४० मिलिग्रॅमची मर्यादा घालते. म्हणजे बिनधास्त प्यावं असं पाणीसुद्धा रेडिएटरला सहापट खारं असू शकतं.

क्लोराइड करतं काय? ॲल्युमिनियमवर स्वतःच तयार होणारा एक पातळ संरक्षक थर असतो. क्लोराइड तो जागोजागी फोडतं आणि सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडत जातं. कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रीमियर पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, तर वरचं हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू, मध्ये मीठ विरघळलेलं पाणी. बॅटरी याहून वेगळी नसते. या जोडीत ॲल्युमिनियम झिजतं, तेही हेड गॅस्केटजवळच्या पाण्याच्या भोकांभोवती. बिडाला तांबडा गंज चढतो तो वेगळाच. अँबॅसडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनात ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे, म्हणून हेड खड्डे पडण्यापासून वाचतं, पण गाळ भरपूर साठतो.

आता एक गोष्ट, जी मला या सगळ्यात सर्वात महत्त्वाची वाटते. गंजाला लोखंड आणि पाणी एवढंच पुरत नाही, ऑक्सिजन लागतो. पाणी तेच राहिलं, हवा आत शिरली नाही, तर त्यात विरघळलेला ऑक्सिजन संपतो आणि गंज मंदावतो. उलट रोज सकाळी "थोडं कमी झालंय" म्हणून तांब्याभर ताजं पाणी घातलं की त्याबरोबर ताजा ऑक्सिजनही आत जातो. क्षार तर जातातच, कारण वाफ होऊन गेलं ते निव्वळ पाणी, मीठ मागे उरलं. अर्धवट भरलेल्या रेडिएटरमध्ये पाण्याच्या रेषेवर गंज सर्वात जोरात चालतो. म्हणून रोज पाणी घालणं ही गाडीची काळजी नव्हे. पाणी का कमी होतंय ते शोधणं ही काळजी: कॅपचं रबर, होज पाइपचा क्लॅम्प, वॉटर पंपाचं सील. एक ग्रॅम लोखंडाचा जवळजवळ दीड ग्रॅम गंज होतो, जागा तर तो त्याहून जास्त अडवतो, आणि रेडिएटरच्या चपट्या नळ्या मुळातच अरुंद असतात.

मग डिस्टिल्ड वॉटर घातलं की झालं? नाही. त्यात क्षार नसतात, त्यामुळे खपली धरत नाही आणि ॲल्युमिनियमला खड्डे पडण्याचं मुख्य कारण जातं. पण लोखंडाचा खिळा डिस्टिल्ड पाण्यातही गंजतो. गंज रोखणारी रसायनं कूलंटमध्ये असतात. "कूलंट म्हणजे बर्फाच्या मुलखातलं औषध, आपल्या कोकणात कशाला?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकलाय. गोठण्यापासून बचाव हे त्याचं एक काम झालं. आपल्याला हवी ती त्याची दुसरी दोन कामं: धातूंना गंजापासून जपणं आणि पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवणं. निम्मं कूलंट, निम्मं पाणी या मिश्रणाला उघड्यावर साधारण १०७ अंशाला उकळी येते. कॅप दाब नीट धरत असेल तर त्याहून बरीच वर. मात्र कूलंट पाण्यापेक्षा जास्त उष्णता वाहून नेतं हाही गैरसमजच. उष्णता वाहायला साधं पाणी त्याच्याहून सरस आहे. म्हणून आपल्याकडे कूलंटचं प्रमाण वाढवत नेण्यात अर्थ नाही, पण एक तृतीयांशाच्या खालीही जाऊ नये, नाहीतर गंजरोधक रसायनं अपुरी पडतात. बाटली घेताना ती 'तयार मिश्रण' आहे की पाणी घालायचं आहे ते वाचा. तयार मिश्रणात पुन्हा पाणी घालून बसलेले मी पाहिलेत. रंगावरून जात ओळखू नका, हिरवा-लाल हा कंपनीचा निर्णय असतो. आणि ही रसायनं संपतात. जुन्या पद्धतीचं कूलंट दोन वर्षांनी बदलायचं, कितीही स्वच्छ दिसलं तरी.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला आपल्याकडे अगदी मायेने दिला जातो. गाडी तापते ती नळ्या गंजाने तुंबल्यामुळे, आणि शिक्षा होते थर्मोस्टॅटला. तो काढला की इंजिन हवं तितकं गरम व्हायला फार वेळ लागतो, पेट्रोल जास्त जातं, सिलिंडर लवकर झिजतात, आणि घाट लागला की तुंबलेला रेडिएटर तुंबलेलाच असतो. नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी तो गरम पाण्याच्या पातेल्यात टाकून उघडतो का ते बघता येतं.

रेडिएटर गळला की हळद टाकणारेही आहेत. रस्त्यात अडकल्यावर गॅरेजपर्यंत पोचायला तिचा उपयोग होतो, हे मान्य. पण भोक बुजवणारी हळद नळी आणि भोक यांत फरक करत नाही. पोचल्यावर ती धुवून काढायलाच हवी.

"गंज साफ केला की रेडिएटर गळायला लागतो, हात लावू नका," हा इशारा मात्र निराधार नाही. साफसफाईनंतर गळती लागते हे खरं आहे. पण भोक आधीच पडलेलं असतं, गंजाच्या खपलीने ते झाकलेलं असतं. ती खपली कार्ले खिंडीत सुटण्यापेक्षा घराच्या अंगणात सुटलेली बरी. इंजिन पूर्ण थंड असताना पाणी काढायचं, आणि नुसतं रेडिएटरचं नाही. ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडायचा, कारण गाळ तिथे तळाला बसतो. बऱ्याच जणांचा तो कधीच उघडलेला नसतो, भोकातून तारेने टोचल्यावर चिखल येतो. मग उलट दिशेने, हलक्या दाबाने पाणी सोडायचं. जुना गंज सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणाने सुटतो. ते रात्रभर आत ठेवायचं नाही आणि नंतर पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचं. संडास धुण्याचं ॲसिड चुकूनही नको. ते ॲल्युमिनियमही खातं. जुना पितळी रेडिएटर फारच तुंबला असेल तर जाणता कारागीर त्याची टाकी उकलून नळ्यांतून सळई फिरवतो आणि पुन्हा डाग देतो. ही कला दुर्मिळ होत चालली आहे, असा कारागीर सापडला तर त्याला धरून ठेवा.

साफ करण्याआधी आतला गाळ पारदर्शक बाटलीत घेऊन तासभर ठेवा. तांबडा चुरा तळाशी बसला तर गंज. दुधाळ, चॉकलेटी साय तरंगली तर पाण्यात ऑइल येतंय, तेव्हा हेड गॅस्केटकडे बघायचं. दोन्हींना "गंजच आहे" म्हणून चालवून नेलेलं इंजिन वाचत नाही.

काढलेलं कूलंट वाडीत, पोफळींच्या आळ्यात किंवा रस्त्याकडेच्या गटारात ओतू नका. त्यातलं एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं आणि गुरं ते चाटतात, आणि थोड्याशानेही त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. ते झाकणाच्या कॅनमध्ये भरा, वर नाव लिहा, आणि जिथे जुनं ऑइल घेतात त्या गॅरेजला विचारून द्या.