श्वास मोजायला शिका!

बाबासाहेब आणि रमाई यांची पाच अपत्ये. त्यांतील चार बालवयातच गेली, एकटे यशवंतराव जगले. लाडका राजरत्न 1926 च्या जुलै महिन्यात न्यूमोनियाने गेला. रमाईंच्या जयंतीला आम्ही हा इतिहास सांगतो, मंडपातल्या आयाबहिणींचे डोळे पाणावतात आणि कार्यक्रम संपतो. परंतु त्या लेकरांच्या मरणातून आंबेडकरी समाजाने काय शिकायचे, हे कोणी विचारत नाही. आज आम्ही ते विचारतो, आणि विचारतो नर्सिंगच्या परीक्षेला बसणाऱ्या आमच्या मुलींच्या निमित्ताने.

आज वस्त्यावस्त्यांतून आमच्या मुली एएनएम, जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंगला जात आहेत. शिष्यवृत्तीच्या आधारावर, आईबापाच्या घामावर शिकत आहेत. परीक्षा पास झाल्या की महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते आणि रुग्णाला हात लावण्याचा अधिकार मिळतो. पण दहावीपर्यंत मराठीत शिकलेली मुलगी जाडजूड इंग्रजी पुस्तकापुढे बसते, घाबरते, गाईड आणते आणि पाठांतर करते. यात तिचा दोष नाही. मात्र बालरोग शुश्रूषेचा पेपर पाठांतरावर सोडवला, तर पुढे वॉर्डात त्याची किंमत कोणाचे तरी लेकरू मोजते.

परवा विहारात अभ्यासाला बसलेल्या एका मुलीने आम्हाला धडाधड म्हणून दाखवले: दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त असतील तर ते जलद श्वसन समजावे. उत्तर शंभर टक्के बरोबर. आम्ही विचारले, "बाई, पंधरा सेकंद मोजून चारने गुणले तर चालेल का?" ती गप्प झाली. नाही चालत! लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो, मध्येच थबकतो, मध्येच वेग घेतो. म्हणून बाळ शांत असताना, पोटावरचा कपडा वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचे. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जातो का, तेही बघायचे. न्यूमोनिया ओळखण्याची ही पहिली पायरी आहे. तिला यंत्र लागत नाही, पैसा लागत नाही. घड्याळ आणि शिकलेले डोळे लागतात.

औषधाचेही तसेच. मुलाची मात्रा वयाच्या अंदाजाने नव्हे, वजनाने ठरते. आठ किलोच्या बाळाला डॉक्टरांनी किलोला 15 मिलिग्रॅमप्रमाणे पॅरासिटामॉल लिहिले, तर एका वेळेची मात्रा होते 120 मिलिग्रॅम. बाटलीवर '5 मिलीत 120 मिलिग्रॅम' असेल तर 5 मिली द्यायचे. '5 मिलीत 250' असेल तर सुमारे 2.4 मिली, आणि '1 मिलीत 100' असे थेंबांचे औषध असेल तर फक्त 1.2 मिली. औषध तेच, पण त्या थेंबांच्या बाटलीतून कोणी 5 मिली पाजले तर पोटात चौपटीहून अधिक औषध गेले! गणित कच्चे म्हणून आमच्या मुली हा प्रश्न परीक्षेत सोडून देतात. वॉर्डात तो सोडता येत नाही.

वकील म्हणून आणखी एक सांगतो. 2005 साली जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय हलगर्जीपणाचे माप सांगितले. त्या व्यवसायातील सामान्य कुशल माणसाने जे केले असते, ते तुम्ही केले काय? म्हणजे आज जे पुस्तकात आहे, तेच उद्या कोर्टात तुम्हाला विचारले जाणार. काही विपरीत घडले की बोट आधी कोणाकडे वळते, हे आम्ही सांगायला नको. वशिला नसलेल्या, खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या सिस्टरकडेच वळते! तिथे तिचे ज्ञान आणि तिने वेळच्या वेळी लिहिलेली नोंद, हेच तिचे रक्षण करते. श्वास मोजले, मात्रा दिली, डॉक्टरांना कळवले, हे वेळेसह कागदावर नसेल तर ते सिद्ध करणे फार कठीण जाते.

तथागतांनी अतिसाराने घाणीत पडलेल्या, सर्वांनी टाकलेल्या भिक्खूला आनंदासह स्वतःच्या हाताने धुतले, आणि रुग्णाची सेवा हीच आपली सेवा असल्याचे संघाला सांगितले. शुश्रूषा हे हलके काम नाही, हे अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून झाले आहे. मग आमची विहारे रविवारी वंदनेनंतर कुलूपबंद का राहावीत? नोकरीतल्या ज्येष्ठ सिस्टरांनी आठवड्यातून दोन तास द्यावेत. इंग्रजी पुस्तकातला धडा मराठीत समजावून सांगावा, मात्रेची गणिते फळ्यावर सोडवून घ्यावीत, प्रत्येक उत्तरामागचे 'का' विचारावे. जयंतीच्या वर्गणीतून एक वजनकाटा, एक घड्याळ आणि चार पुस्तके घ्यावीत. डीजेच्या एका रात्रीच्या खर्चात एवढे सहज बसते.

'शिका' हा बाबासाहेबांचा पहिला आदेश. राजरत्नाला वाचवता आले नाही. आजच्या वस्तीतल्या राजरत्नाचा श्वास मोजणारी मुलगी आमच्याच घरातून उभी राहू शकते. तिला गाईडच्या भरवशावर सोडू नका!

जयभीम!