दमा आणि मधुमेही बालक

मधुमेही बालकास दमाही असल्यास, श्वासावाटे घ्यावयाच्या नेहमीच्या फवाऱ्याने रक्तातील साखर सहसा फारशी चढत नाही. तीव्र झटक्यात मात्र डॉक्टर प्रेडनिसोलोन पोटात देतात. त्याने श्वासनलिकांची सूज उतरते. पण यकृत अधिक साखर रक्तात सोडते व इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. औषध सकाळी घेतल्यास साखर दुपारनंतर चढते. केवळ पहाटेच्या तपासणीवर विसंबणे फसवे होय. साखरेच्या धास्तीने औषध टाळणे त्याहून घातक, कारण चढलेली साखर इन्सुलिनने आवरता येते. ती वाढीव मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी, कीटोनही तपासावेत. हा औषधक्रम बहुधा 3 ते 5 दिवसांचा असतो. तो संपल्यावरही वाढीव इन्सुलिन चालूच राहिले, तर साखर धोकादायकरीत्या घसरू शकते, कदाचित रात्री, घरातील सर्व निजलेले असताना.