कार्यप्रणालीच्या प्रस्थापनेत कळफलक निष्क्रिय होणे : कारणमीमांसा व उपाय

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत नवी यंत्रे आली की प्रथम त्यांवर कार्यप्रणाली बसविण्याचे काम हाती घेतले जाते. २०१६ च्या जून महिन्यात आमच्याकडे अशी वीस यंत्रे दाखल झाली. प्रात्यक्षिकांना लागणारी एक जुनी आज्ञावली विंडोज ७ वरच चालत असल्याने तीच प्रणाली बसविणे भाग होते. पहिल्या यंत्रावर भाषा निवडण्याचा पडदा उमटला आणि सर्व तेथेच थांबले. कोणतीही कळ दाबा, माउस कितीही फिरवा, प्रतिसाद नाही. कळफलक बदलला, तरी तेच. सायंकाळपर्यंत सहा कळफलकांवर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी लागली, डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्यांच्या निर्लेखनाचा प्रस्ताव तयार झाला आणि ते निष्काळजीपणे हाताळले काय, असा लेखी खुलासा प्रयोगशाळा परिचरांकडून मागविण्यात आला.

सहाही कळफलक निर्दोष होते. परिचरही. असा प्रसंग संगणकशास्त्र न शिकविणाऱ्या प्राध्यापकांवरही खरेदी समितीचे किंवा प्रयोगशाळेचे काम सांभाळताना येतो. म्हणून त्यामागील कार्यकारणभाव येथे मांडीत आहे.

कळ दाबल्यावर काय घडते?

कळफलक अक्षर पाठवीत नाही. कोणती कळ दाबली गेली याचा सांकेतिक क्रमांक तो पाठवितो. तो क्रमांक स्वीकारून त्याचा अर्थ लावणारा कोणीतरी संगणकात असावा लागतो. संगणक सुरू होताच हे काम बायोस, म्हणजे मदरबोर्डवरील चिपमध्ये कायम साठविलेली प्राथमिक आज्ञावली करते. पुढे कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत आला की तो बायोसला बाजूस सारून यंत्राचा ताबा घेतो. त्यानंतर कळफलकाशी बोलायचे ते प्रणालीच्या स्वतःच्या चालक आज्ञावलीने, ज्याला आपण ड्रायव्हर म्हणतो. कार्यभार हस्तांतरित झाला, पण नव्या अधिकाऱ्याकडे कपाटाची किल्लीच नाही, अशी अवस्था येथे उद्भवू शकते. बायोसच्या पडद्यावर उत्तम चालणारा कळफलक प्रस्थापनेच्या पडद्यावर मुका होतो, तो या संक्रमणामुळे.

जुन्या पीएस/२ जोडणीत हा प्रश्न सहसा येत नसे. १९८७ मध्ये आयबीएमच्या पीएस/२ या संगणकमालिकेबरोबर आलेली ही गोल खोबण अतिशय साध्या नियंत्रकाशी जोडलेली असते व त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या प्रत्येक आवृत्तीत असतो. यूएसबीचे तसे नाही. १९९६ मध्ये तिचा पहिला आराखडा आला, २००० मध्ये दुसरा आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये तिसरा. आणि नियंत्रकही बदलत गेले. कळफलकाची तार व टोक तेच दिसले तरी मदरबोर्डवरील ज्या नियंत्रकाशी ते बोलते तो निराळा असू शकतो. दोष शोधताना नेमकी हीच गोष्ट डोळ्यांना दिसत नाही.

२००९ ची प्रणाली आणि २०१५ चे यंत्र :

विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आली. तिच्या मूळ तबकडीत यूएसबी ३.० च्या एक्सएचसीआय नियंत्रकाचा ड्रायव्हर नाही. (लिनक्सच्या २.६.३१ या गाभ्यात तो सप्टेंबर २००९ मध्येच होता. विंडोजमध्ये तो अंगभूत आला तो २०१२ च्या विंडोज ८ पासून.) प्रारंभी यामुळे फारसे अडले नाही, कारण मदरबोर्डवर जुना ईएचसीआय नियंत्रकही असे. निळ्या खोबणीतून कळफलक काढून काळ्या खोबणीत लावला की काम भागे. मात्र २०१५ मध्ये इंटेलने स्कायलेक प्रक्रियकांबरोबर आणलेल्या १०० मालिकेच्या चिपसंचातून ईएचसीआय नियंत्रक वगळला. आता काळ्या खोबणीमागेही एक्सएचसीआयच. खोबणीचा रंग पाहून निर्णय घेण्याची आमची सवय येथे निरुपयोगी ठरली.

याच कारणाने आणखी एक चकवा होतो. पेनड्राइव्हवरून प्रस्थापना केल्यास आरंभीच्या फायली बायोसच्या मदतीने व्यवस्थित वाचल्या जातात आणि काही वेळाने, सीडी किंवा डीव्हीडीचा आवश्यक ड्रायव्हर सापडत नाही, असा संदेश येतो. यंत्रात डीव्हीडीचा संबंध नसतानाही! वस्तुतः गाभ्याने ताबा घेताच पेनड्राइव्हच दिसेनासा झालेला असतो.

निदान :

कळफलक दोषी की यंत्र, हे ठरविण्यास उपकरण लागत नाही. कॅप्स लॉकचा दिवा पुरेसा आहे. तो दिवा कळफलक स्वतःहून लावीत नाही. कळ दाबल्याचा संकेत संगणकाला पोहोचतो आणि संगणक उलट आज्ञा देतो, तेव्हा तो लागतो. म्हणजे हा दिवा दुहेरी संवादाची पोचपावती होय. बायोसच्या पडद्यावर दिवा लागतो आणि प्रस्थापनेच्या पडद्यावर लागत नाही, असे आढळल्यास कळफलक निर्दोष समजावा व ड्रायव्हरचा शोध घ्यावा. बायोसमध्येही दिवा लागत नसेल तर तोच कळफलक दुसऱ्या चालू यंत्राला लावून पाहावा. तेथे तो चालला तर पहिल्या यंत्राच्या बायोसमध्ये ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ बंद असण्याचा, अथवा ‘फास्ट बूट’मुळे यूएसबीची ओळख उशिरा होण्याचा संभव असतो. विंडोज एक्सपीच्या काळात, सीडीवरून सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा, ही सूचना निष्फळ ठरे तेव्हा बहुधा पहिलेच कारण असे. ब्लूटूथ कळफलकाने ही कसोटी घेऊ नये. जोडणी झालेली नसताना तो गप्प राहणे स्वाभाविक आहे.

उपाय :

मदरबोर्डवर पीएस/२ खोबण असल्यास सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्या प्रकारचा कळफलक वापरणे. यंत्र पूर्ण बंद करूनच तो लावावा, कारण ही जोडणी चालू यंत्रात काढण्या-घालण्यासाठी बनविलेली नाही. काही मदरबोर्डांच्या बायोसमध्ये ‘पोर्ट ६०/६४ इम्युलेशन’ असा पर्याय असतो; तो चालू केल्यास यूएसबी कळफलक प्रणालीपुढे पीएस/२ चे सोंग घेऊन उभा राहतो.

यंत्रांची संख्या मोठी असल्यास प्रस्थापनेच्या संचातच ड्रायव्हर मिसळणे इष्ट. विंडोजच्या डिझम या साधनाने प्रतिमा-फाइल उघडून तीत ड्रायव्हर घालता येतो. येथे घाई नडते. ‘बूट.विम’ या फाइलीत दोन प्रतिमा असतात आणि प्रस्थापनेचा पडदा दुसऱ्या प्रतिमेतून चालतो. केवळ पहिलीत ड्रायव्हर घालून उपयोग नाही. ‘इन्स्टॉल.विम’ मधील ज्या आवृत्तीची प्रस्थापना करायची, तीतही तो घालावा लागतो. अन्यथा सर्व फायली उतरतात, यंत्र पुन्हा सुरू होते आणि वापरकर्त्याचे नाव विचारणाऱ्या पडद्यावर कळफलक पुनश्च मुका! ड्रायव्हर ३२ बिटचा की ६४ बिटचा, हेही प्रतिमेशी जुळावे लागते.

आमच्या यंत्रांना सुदैवाने गोल खोबण होती व डीव्हीडी ड्राइव्ह साटा जोडणीचा होता. भांडारात, तीन वर्षांपूर्वीच निर्लेखित झालेल्या ढिगात, एक पीएस/२ कळफलक सापडला. त्या एकाच कळफलकावर पहिल्या चार यंत्रांची प्रस्थापना झाली. प्रत्येकात नंतर पुरवठादाराच्या तबकडीवरील यूएसबी ड्रायव्हर बसविला आणि नवे कळफलक चालू झाले. उरलेल्या सोळांसाठी मिश्र संच तयार केला. परिचरांकडून मागविलेला खुलासा मात्र तोंडीच मागे घेण्यात आला. लेखी काही निघाले नाही, ही गोष्ट मला आजही खटकते.

विंडोज ७ चे सुरक्षा-साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी संपले. जुन्या आज्ञावलीसाठी ती अजूनही ठेवावी लागत असेल, तर अशी यंत्रे आंतरजालापासून अलग ठेवावीत. विंडोज १० व ११ मध्ये एक्सएचसीआय ड्रायव्हर अंगभूत असल्याने मेजावरच्या संगणकांत हा विशिष्ट दोष आता उद्भवत नाही. लॅपटॉपमध्ये मात्र त्याचे भावंड भेटते : आयटूसी जोडणीचा टचपॅड प्रस्थापनेच्या वेळी अनेकदा निष्क्रिय असतो, आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस लॅपटॉपचा कळफलक प्रस्थापनेत चालावा म्हणून कोणते ड्रायव्हर प्रतिमेत अगोदर घालावेत, याच्या सूचना त्याच कंपनीला प्रसिद्ध कराव्या लागल्या आहेत.